मुंबईहून नाणेघाटाची वाट कुठून लागते आणि ती खरंच किती जुनी आहे?

कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नर-आळेफाट्याकडे जाणारी एसटी पकडा. मुरबाड, टोकावडे गेलं की वैशाखरे येतं. त्याच्या थोडं पुढे उजवीकडच्या नाणेघाटाच्या पाटीपाशी उतरायचं, एवढं कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. पुढे जंगलातून दोन-तीन तासांची चढण.

वाट दोन हजार वर्षांहून जुनी, सातवाहनांच्या काळातली. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल इथूनच जुन्नर आणि पुढे पैठणला जायचा. वर खिंडीच्या अलीकडे गुहा आहे, तिथे नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख भिंतभर कोरलाय. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडेसुद्धा त्यात आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पावलं तेवढी उरलीत. मला लेखापेक्षा ती पावलंच जास्त लक्षात राहिली.

खिंड चढून गेलात की दगडी रांजण दिसेल. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तिथून घाटघरमार्गे जुन्नर गाठता येतं, म्हणजे परत उतरायची कटकट नाही. पावसाळ्यात मात्र पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चपला घालून येऊ नका.