गार पाण्याने सणक जाते, म्हणून लगेच रूट कॅनाल?

ताई, तुम्ही लिहिलंय की फ्रिजमधलं पाणी प्यायलं की वर डाव्या बाजूला सणक जाते, दीड महिना सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरूनही फरक नाही, आणि शेजारच्या काकू म्हणतात, 'रूट कॅनाल (दातातली नस काढून पोकळी भरणं) करून मोकळी हो.' मी डॉक्टर नाही, पण हे दुखणं दहा वर्षं सांभाळतेय, म्हणून लिहिते.

आधी एवढंच बघा, घोट गिळल्यावर कळ किती वेळ राहते? दोन-चार सेकंदांत गेली, तर बहुतेक वेळा नस शाबूत असते आणि रूट कॅनालची गरज नसते. पण कळ मिनिटभर रेंगाळत असेल, गरम चहानेही दुखत असेल, रात्री काही न खाता-पिता दाढ ठणकत असेल, तर पेस्टचा नाद सोडा आणि उद्याच जा. चावून दात सोडताना एकाच दाढेत कळ येत असेल तर तडा गेलेला असू शकतो, तेही डॉक्टरांना सांगा.

माझी गोष्ट सांगते. थंडीत सकाळी स्कूटरवर तोंड उघडं राहिलं की नुसत्या वाऱ्याने कळ यायची. एके ठिकाणी दाखवलं तर तीन रूट कॅनाल सांगितली. घरी येऊन आरशासमोर मोबाइलचा टॉर्च धरला, ओठ वर ओढला. डाव्या सुळ्याच्या आणि मागच्या उपदाढेच्या मुळाशी, अगदी हिरडीलगत, कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारखी खाच होती. नख अडकायचं तिच्यात. डावीकडेच का? मी उजव्या हाताने ब्रश धरते आणि सगळा जोर डावीकडे लागतो. ब्रशही हार्ड, महिनाभरात केस फिसकारलेले. पातेलं घासल्यासारखे दात घासत होते मी!

दाताच्या वरच्या भागाला इनॅमलचं कवच असतं, मुळाला नसतं. हिरडी सरकली की आतला थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडतो. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य नळ्या असतात. गार लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि ती हालचाल आतल्या नसेला कळते. वाऱ्याने दुखायचं कोडं मला तेव्हा उलगडलं.

दुसरा गुन्हेगार रोजचं लिंबूपाणी. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. साधारण ५.५ पीएचच्या खाली इनॅमल विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस त्याच्या कितीतरी खाली, २ ते ३. मी ते पिऊन लगेच ब्रश करायचे, म्हणजे मऊ पडलेल्या थरावर घासकाम. कैरी खाऊन दात आंबले असतानाही तेच. आता आधी ब्रश करते, मग लिंबूपाणी, मग साध्या पाण्याची चूळ. पित्त घशाशी येत असेल तर त्याचाही इलाज करा, तेही आम्लच. खरखरीत लाल मंजन आणि मिश्री बंद. आमच्या आत्या म्हणायच्या मिश्रीने दुखणं थांबतं, पण ती तंबाखू आहे, दुसरं काही नाही.

पेस्टबद्दल. पोटॅशियम नायट्रेट नसेला शांत करतं, स्टॅनस फ्लोराइड नळ्यांची तोंडं बुजवतं. डब्यावर यातलं काय आहे ते वाचा. दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे नेमाने लावावी लागते. आणि खळखळून चूळ भरत असाल तर औषध बेसिनमध्ये जातं, नुसतं थुंका. रात्री वाटाण्याएवढी पेस्ट बोटाने त्या जागी चोळून तशीच झोपा. लवंग तेलाने तासभर बधीर होतं, पुढे काही नाही.

तुमचा तर दीड महिना झालाय, तेव्हा एकदा दाखवाच. मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी दाताच्या रंगाचं सिमेंट भरून दोन्ही खाचा बुजवल्या. त्यातलं एक सिमेंट दीड वर्षात निघालं, ते परत भरलं. रूट कॅनाल आजतागायत एकही नाही. क्लिनिंग केलं तर चार दिवस जास्त शिवशिवेल, घाबरू नका. त्याने दात हलायला लागतात ही अफवा.

जायच्या दिवशी सकाळी पेनकिलर घेऊ नका. डॉक्टर गार हवेचा फवारा मारून नेमका दात शोधतात, तो सापडायला हवा. माझ्यावर तो फवारा बसला तेव्हा मी खुर्चीचा हात धरून किंचाळले होते, एवढं आधीच सांगून ठेवते.