बहिणीच्या इंजिनीअरिंगसाठी वावर गहाण ठेवावं लागेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीने बारावी सायन्सची परीक्षा आणि सीईटी दिलीय, निकाल यायचाय. घर पारोळा तालुक्यात, चार एकर कोरडवाहू कापूस, आईवडिलांचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत. जात कुणबी, दाखला काढलेला आहे, व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, नाही. खासगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून तुमचे आबा वावर गहाण टाकायला निघालेत, आणि एक एजंट तीन हजार घेऊन "स्कॉलरशिप लावून देतो" म्हणतोय.

धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते. पोरांचे फॉर्म तपासणं, त्रुटी काढणं, पुढे पाठवणं हेच माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगते: वावर गहाण टाकू नका आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका. तुमच्या बहिणीची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शासनाकडून पूर्ण मिळू शकते. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. जागा कॅप राउंडमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच घ्यायची, आणि कागद प्रवेशाच्या आधी हातात असायला हवेत.

राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. २०२४-२५ पासून तो लागू आहे. त्याआधी हा लाभ निम्माच होता, ओबीसी मुलांना अजूनही निम्माच आहे. कुणबी ओबीसीत येतात, म्हणजे तुमची बहीण यात बसते. मात्र हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोटा किंवा कॉलेज स्वतः भरतं त्या जागेला नाही.

हे इतक्या ठासून सांगते कारण दर वर्षी माझ्यासमोर अशा मुली येतात. निकालानंतर कोणीतरी ओळखीचा माणूस "आत्ताच सीट पक्की करा, नंतर मिळणार नाही" म्हणून घाई करतो, वडील जवळचे पैसे भरून मोकळे होतात, आणि मग शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसल्यावर कळतं की ही जागा योजनेत बसतच नाही. त्या मुलीला चार वर्षं पूर्ण फी भरावी लागते. त्याच मुलीला कॅपच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत थोड्या कमी नावाच्या कॉलेजात जागा मिळाली असती आणि फी शून्य झाली असती. पसंतीक्रम भरताना जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय विसरू नका. सरकारी कॉलेजची फी मुळातच कमी, आणि पारोळ्याहून जळगाव काही लांब नाही.

आता कागद. खानदेशातल्या पोरांचं घोडं इथेच पेंड खातं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सातबारा, आठ अ, रेशन कार्ड घेऊन आधी तलाठी आप्पांचा अहवाल, मग सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज. हा तसा सोपा कागद. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र, प्रांत कार्यालयातून निघतं. त्यावरची मुदत नीट वाचा. प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. दहावीच्या वेळी काढलेलं जुनं नॉन-क्रिमीलेअर घेऊन येणारे पालक दर वर्षी भेटतात, आणि नवीन निघेपर्यंत फेरीची तारीख निघून जाते. अधिवासाचा दाखलाही याच खेपेला काढून घ्या. निकालाच्या आठवड्यात सेतूत इतकी गर्दी होते की साइट चालत नाही. म्हणून निकालाची वाट न बघता हे आत्ताच करा.

व्हॅलिडिटी मात्र वेळ खाते, आणि तुमच्याकडे तीच नाही. अर्ज बार्टी या शासकीय संस्थेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, त्यासोबत ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, आणि मग मूळ कागद दाखवून संच जळगावच्या जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यायचा. शपथपत्रं दोन: नमुना ३ वंशावळीचं आणि नमुना १७ कागद खरे असल्याचं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. अनुसूचित जमातीसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आहे. दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून हेही लिहिलं.

हा जुना पुरावा शोधायचा कुठे? पहिली जागा म्हणजे आजोबा, चुलत आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत शिकले तिथलं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांकडे अर्ज करा, उतारा मिळतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूच्या त्या नोंदींत जात लिहिलेली असते, आणि ते दप्तर तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. आजोबांची नोंद सापडली नाही तर त्यांच्या भावांची, बहिणीची, पणजोबांची शोधा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला कोणीही चालतो, फक्त वंशावळीत तो बसला पाहिजे. जुनी पानं बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, ती जाणकाराकडून वाचून, लिप्यंतर करून घ्यावी लागतात. तुमच्या सख्ख्या काकाकडे किंवा चुलतभावाकडे व्हॅलिडिटी असेल तर सगळ्यात आधी तिची प्रत मिळवा, निम्मं काम तिथेच झालं. भाऊबंदकीत बोलणं बंद असेल तरी या कामासाठी जाऊन बसा. कागद देताना माणसं सहसा अडवत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट: जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे तुमचं एखादं जुनं दप्तर तहसीलला सापडलं नाही तर धुळ्याला चौकशी करा, हताश होऊन परत फिरू नका.

व्हॅलिडिटीचा अर्ज दिल्याच्या पावतीवर प्रवेश देऊन नंतर मुदत देण्याची पद्धत आहे. पण त्या भरवशावर राहू नका. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही की राखीव जागा हातची जाते आणि तिच्यासोबत फीची सवलतही.

प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा. इथे एजंटची गरज मला कधीच पटलेली नाही. आधार नंबर, मोबाइल आणि तासभर शांतपणा एवढंच लागतं. फक्त नोंदणीला मोबाइल नंबर बहिणीचा किंवा तुमचा द्या, आणि तो आधारला जोडलेला असू द्या. एजंट आपला नंबर टाकून प्रोफाइल बनवतात, युजर आयडी-पासवर्ड त्यांच्याच वहीत राहतो, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी त्यांच्याकडे जातो. मग परत पैसे. हा अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो, एकदा भरला की चार वर्षं चालतो असं नाही.

फॉर्म भरून झाला की तो आधी आमच्यासारख्या कॉलेजच्या टेबलावर येतो, नंतर विभागाकडे जातो. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो, मुलांना पत्ताच नसतो, आणि मुदत संपते. अंधुक फोटो, उत्पन्नाच्या दाखल्याचं एकच पान, आधारवर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरं, अशी कारणं असतात. नावातला फरक आत्ताच दुरुस्त करून घ्या.

बँकेचंही बघा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, पासबुकाची झेरॉक्स कोणत्याही खात्याची दिली तरी. आणि एकापेक्षा जास्त खाती असली तर सगळ्यात शेवटी ज्याला आधार जोडलं तिकडे रक्कम जाते. गावातल्या दुकानात अंगठा लावून उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं मुलीला आठवतसुद्धा नाही, आणि शिष्यवृत्ती तिथे जाऊन पडते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे कोणतं खातं आधारला जोडलंय याची स्थिती दिसते, ती तपासा आणि हवं ते खातं बँकेत जाऊन जोडून घ्या.

कॉलेज प्रवेशाच्या दिवशी पूर्ण फी मागेल, "शिष्यवृत्ती आली की परत देऊ" म्हणेल. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून माफ असलेली रक्कम आधी घेऊ नये अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिलेल्या आहेत. शांतपणे, लेखी अर्जात वरच्या शासन निर्णयाची तारीख घालून द्या आणि पोच घ्या. तोंडी वाद घालून उपयोग होत नाही, पोच असलेला कागद फाइलला लागतो. विकास शुल्क, अनामत, जिमखाना वगैरे मात्र माफीत नाही. ते किती हे प्रवेशाआधी विचारून तेवढे पैसे बाजूला ठेवा.

राहण्या-जेवणाचा खर्च हा खरा तुमच्या घरावर येणारा भार. बहीण जळगावला किंवा पुण्याला राहणार असेल तर आधी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे जागा नाही मिळाली तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे: ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींना राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात पैसे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत, लहान ठिकाणी त्याहून कमी. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, त्यात तुम्ही बसता. जागा मर्यादित आणि निवड गुणांवर, म्हणून जाहिरात निघाल्याबरोबर अर्ज करा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच स्वाधार योजना आहे, आणि आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पावरा-भिल्ल मुलांनी यासाठी तळोदा प्रकल्प कार्यालयात, आणि चोपडा-यावल-रावेरच्या सातपुड्यातल्या मुलांनी यावलच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. पुण्याला जाणाऱ्यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचा अर्ज जरूर करावा. ग्रामीण गरजू मुलामुलींना ती फार कमी पैशात ठेवते आणि स्वतःचं काम स्वतः करायला लावते. तिथून शिकून आलेली आमच्याकडची मुलं मी पाहिलीत, फार चांगली घडतात.

मुलींसाठी एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५० हजार, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पण एका वर्षी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेऊ नयेत अशी अट बहुतेक योजनांत असते. ट्यूशन फी ५० हजारांपेक्षा जास्त असेल तर फीमाफीच घ्या. गावातल्या ओळखीच्या मुलांना टीएफडब्ल्यूएस ही ट्यूशन फी माफीची योजना सांगा: कॅपमध्ये पाच टक्के जादा जागा, उत्पन्न आठ लाखांच्या आत, ट्यूशन फी पूर्ण माफ, कोणत्याही जातीच्या मुलामुलीला. गुण मात्र चांगले लागतात.

एवढं करूनही कमी पडलं तर सावकाराकडे जाण्याआधी बँकेचं शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणजे सातबारा बँकेला द्यायचा प्रश्नच नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. पालकांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतचं व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी वेगळा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो, तो मॅनेजर आठवणीने मागत नाही, तुम्हीच द्या. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा म्हणजे नोंद राहते, आणि शाखेने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा. आबांच्या नावावर सोसायटीचं थकीत पीककर्ज असेल तर ते या वेळी विचारलं जातं, म्हणून त्याचा आकडा आधी काढून ठेवा.

उद्याच करायचं काम सांगते: आजोबांच्या शाळेत जनरल रजिस्टरच्या उताऱ्याचा अर्ज द्या आणि त्याच दिवशी तलाठी आप्पांना उत्पन्नाच्या अहवालाचं सांगा. उतारा मिळाला, त्यावर जात काय लिहिलीय ते इथे खाली लिहा. "कुणबी"ऐवजी नुसतं "मराठा" किंवा "पाटील" लिहिलेलं निघालं तर कोणाच्या नोंदी पुढे शोधायच्या, ते तुमची वंशावळ बघून सांगते.