पॅनल १६० मिमीचं, हातात आलं १५० चं

प्रश्न : माझे वडील मिरजेत गाणं शिकवतात. बोटं आखडल्यामुळे आता त्यांना तानपुरा जुळवणं आणि छेडणं जमत नाही. म्हणून त्यांच्याच तानपुऱ्याचा नाद तीन पट्ट्यांमध्ये ध्वनिमुद्रित करून घेतला आणि आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर) तो नाद वाजवणारी तानपुरा-पेटी करायला घेतली. सुताराने सागवानी खोकं सुरेख करून दिलं. ॲक्रिलिकच्या पुढच्या पॅनलने मात्र रडवलं. मी १६० मिमी लांबीचं काढलं होतं. नेमप्लेटवाल्याकडून लेझरने कापून आलं ते १५० चं. एलसीडीची, म्हणजे छोट्या पडद्याची, भोकं जुळली नाहीत, ‘मध्यम’ हा शब्द मोडका कोरला गेला. तरी बसवून बघावं म्हणून स्पिरिटने पुसलं, तर सकाळी सगळ्या भोकांभोवती बारीक चिरा! चित्र माझ्या कॉलेजच्या काळातल्या लॅपटॉपवर, इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून त्याची एसव्हीजी फाइल दिली होती. आता नवं पॅनल करताना काय सांभाळू? मागचं झाकण सनबोर्डचं (हलक्या प्लास्टिकच्या फळीचं), लेझरनेच कापून घेतलं तर चालेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, १६० आणि १५० हे दोन्ही आकडे पत्रात लिहिलेत, ते फार बरं केलंत. १५० ला १६० ने भागलं की ०.९३७५ येतात. ९० ला ९६ ने भागलं तरी तेच येतात. चूक बहुधा इथेच आहे आणि ती दुकानदाराची नाही. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या एका इंचात ९० पिक्सेल धरत. २०१७ साली ०.९२ ही आवृत्ती आली, तेव्हापासून ९६ धरतात. जुन्या आवृत्तीतली फाइल ९६ धरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर अख्खं चित्र त्या प्रमाणात आक्रसतं. पडताळा घेणं सोपं आहे. १६ बाय २ (दोन ओळी, प्रत्येकीत १६ अक्षरं) एलसीडीच्या स्क्रूच्या भोकांमधलं आडवं अंतर ७५ मिमी असतं. तुमच्या पॅनलवर ते साधारण ७०.३ भरलं, तर निदान पक्कं समजा.

यावेळी मिलिमीटरमध्ये काढलेली डीएक्सएफ (ड्रॉइंगसाठी वापरतात ती) फाइल द्या आणि चित्राच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची एक रेघ ठेवा. दुकानात फाइल उघडली की कापण्याआधी ती रेघ स्क्रीनवर मोजायला सांगा. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, मी ३१ वर्षं काढली. कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की आधी माहीत असलेलं एक माप ताडून पाहायचं, ही सवय तिथे लागली आणि आजही सुटलेली नाही. एलसीडीच्या चौकटीचं माप मात्र इंटरनेटवरून उचलू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चौकटींत फरक असतो, म्हणून हातातली एलसीडी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. लेझरचा किरण साधारण ०.२ मिमी साहित्य खातो, त्यामुळे खिडकी काढलेल्या मापापेक्षा किंचित मोठीच होते. तिला भरमसाट मोकळीक द्यायची गरज नाही.

अक्षरांचं कारण वेगळं आहे. दुकानातल्या जुन्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी नीट मांडता येत नाही, जोडाक्षरं फुटतात. शिवाय तुमचा फॉन्ट त्यांच्या संगणकावर असेलच असं नाही. फाइल देण्यापूर्वी सगळा मजकूर इंकस्केपमधली ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा देऊन बदलून टाका. मग ती अक्षरं उरत नाहीत, नुसत्या रेषा होतात आणि जशा काढल्या तशाच उमटतात. एक प्रत मात्र अक्षरांसह ठेवा, नंतर बदल करता येत नाही.

आता चिरांबद्दल. याचं मला खरोखर वाईट वाटलं, कारण ॲक्रिलिकला स्पिरिट लावू नये हे कापून देणाऱ्याने सांगायला हवं होतं. किरण जातो तिथे ॲक्रिलिक वितळतं, वाफ होतं, आणि कडेचा पातळ थर गार होताना आतून ताणलेला राहतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही. त्यावर स्पिरिट, थिनर किंवा अल्कोहोल असलेला काचा पुसायचा फवारा पडला की ती कड उकलते. कधी मिनिटांत, कधी रात्रभरात. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो लॉकिंगचा द्रवही ॲक्रिलिकचं असंच करतो. पुसायला साधं पाणी, दोन थेंब भांडी घासायचा लिक्विड साबण आणि मऊ सुती फडकं पुरे. शीट मागताना ‘कास्ट’, म्हणजे साच्यात ओतून केलेलं, ॲक्रिलिक मागा. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेल्या, शीटमध्ये मुळातच ताण जास्त असतो आणि कोरीव अक्षरंही त्यावर फिकी दिसतात. कास्टवर ती पांढरी, दुधाळ उमटतात.

स्क्रूही चिरा पाडतात. खोलगट बसणारे, शंकूसारख्या डोक्याचे स्क्रू वापरले असतील तर ते पाचरीसारखे भोक फाकवतात. सपाट बुडाच्या डोक्याचे ३ मिमी स्क्रू घ्या, खाली नायलॉनचा वॉशर, आणि भोक ३.५ मिमीचं, कडेपासून निदान ६ मिमी आत. १६० मिमीचं ॲक्रिलिक २० अंशांनी तापलं की जवळपास ०.२ मिमी वाढतं. सागवान तसं वाढत नाही. मिरजेच्या एप्रिलमध्ये पॅनलला हलायला तेवढी जागा हवीच.

सनबोर्ड लेझरखाली घालू नका, कुणी ‘होतंय की’ म्हणालं तरीही नको. ते फुगवलेलं पीव्हीसी आहे. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. यंत्राचे रूळ गंजतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या छातीत ते जातं. सनबोर्डच हवा असेल तर पेपर कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन घरीच कापा, लोण्यासारखा कापला जातो. मी तुमच्या जागी असतो तर ३ मिमी प्लाय लावला असता. स्पीकर घुमला तरी तो खरखरत नाही. आणि ॲक्रिलिक पेट घेतं, म्हणून २३० व्होल्ट पेटीच्या आत आणू नका. तयार ॲडॅप्टर बाहेर ठेवा.

शेवटचं, पण कापण्याआधी करायचं. चित्राचा मूळ मापातला छापील कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, भोकं पाडा आणि एलसीडी, स्विच, नॉब त्यात बसवा. ते पुठ्ठ्याचं पॅनल खोक्यावर ठेवून वडिलांसमोर ठेवा. ते गायला बसतात तसे बसू द्या आणि पट्टी बदलायला सांगा. आखडलेल्या बोटांनी एक नॉब फिरवताना दुसऱ्याला धक्का लागत असेल, तर नॉबमधलं अंतर वाढवा आणि मगच फाइल दुकानात न्या.