ऑडिओग्राम नॉर्मल, तरी मुलाला बोललेलं कळत नाही. श्रवणयंत्र लावावं का?

तुमच्या सात वर्षांच्या मुलाला एएलडी, म्हणजे ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, हा मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण झिजवू शकणारा आनुवंशिक आजार आहे. तो हल्ली सारखं "काय? काय?" करतो, वर्गात सांगितलेलं त्याला कळत नाही, ऑडिओग्राम मात्र नॉर्मल आहे. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. श्रवणयंत्राचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवा. आधी त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा, आणि पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

एएलडीत मेंदूतला आजार सक्रिय झाल्याची पहिली खूण बऱ्याचदा अशीच असते: ऐकू येतं पण उमजत नाही, अक्षर बिघडतं, लक्ष लागत नाही. शाळेला वाटतं मूल चंचल आहे, आणि त्यात महिने जातात. काँट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयवर आजार पुढे सरकतोय का ते दिसतं. स्टेम सेल प्रत्यारोपणाचा खरा उपयोग नुकसान थोडं असतानाच होतो, म्हणून ही घाई.

आता ऑडिओग्रामबद्दल. बारीक 'टूं' ऐकू आला की हात वर करायचा, एवढंच त्यात तपासतात. म्हणजे मुख्यतः कानाचं काम. तुमच्या मुलाचा कान ठीक असणार. बिघाड पुढच्या वाटेवर आहे. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलं की संदेश उशिरा आणि विस्कळीत पोचतात. 'टूं' तरीही कळतो, वाक्य हातून निसटतं.

अशा मुलांना मी शांत खोलीत शब्द म्हणून दाखवते. 'पान', 'कान', 'दार'... बरोबर म्हणतात. मग मागे माणसांच्या गलक्याचा आवाज लावते. लगेच नजर माझ्या ओठांवर खिळते आणि 'पान'चं 'कान' व्हायला लागतं. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द दिले, तर बहुधा डाव्या कानातला शब्द गळतो, कारण भाषा सांभाळणाऱ्या मेंदूच्या डाव्या बाजूला पोचायला त्याला मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा पूल ओलांडावा लागतो आणि एएलडीत तो पूल, विशेषतः त्याचा मागचा भाग, आजाराच्या तावडीत लवकर सापडतो. या दोन्ही चाचण्या मुद्दाम मागून घ्या.

बेरा, म्हणजे आवाज दिल्यावर कानाच्या मज्जातंतूत आणि ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या बुंध्यात) उठणारे विद्युत संदेश लाटांच्या रूपात टिपणारी चाचणी, केली असेल तर तिचा आलेख पाहा. पहिल्या आणि पाचव्या लाटेत साधारण ४ मिलिसेकंदांचं अंतर असतं. ते बरंच वाढलं, तर ब्रेनस्टेममध्ये मायलिन बिघडल्याचा संशय येतो. पण बेरा नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. बिघाड ब्रेनस्टेमच्या वर असेल तर तिला तो दिसत नाही. उलट पेलिझायस-मर्झबाखर या मायलिन नीट न बनण्याच्या जन्मजात आजारात पहिली लाट येते, पुढच्या गायब असतात, आणि तरी बाळ आवाजाकडे वळतं. तिथे नुसत्या आलेखावरून कुणी 'बहिरं' म्हटलं तर मला रागच येतो.

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही. झेलवेगरसारख्या जन्मजात आजारात खुद्द कानाची श्रवणशक्ती कमी होते, तिथे ते जरूर लावावं. तुमच्या मुलाला आत्ता नको. त्याऐवजी शिक्षकांच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर, ही रिमोट माइक सिस्टिम वर्गात वापरून बघा. गलका मागे पडतो आणि बाईंचा आवाज थेट पोचतो. घरी टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच सूचना द्या. आणि चाचण्या दर काही महिन्यांनी पुन्हा करा, कारण या आजारात मागच्या वेळचा निकाल पुढच्या वेळी टिकेलच असं नाही.