जुने वॉल्व, जुने रॉकर: आणण्याआधी विचारा

इंजिनचं हेड (वॉल्व बसलेला वरचा भाग) उतरवलं की खर्चाचा आकडा ऐकून लोक नाना पेठ नाहीतर जुना बाजार गाठतात, आणि माल घरी आल्यावर मला विचारतात की हे चालेल का. अहो, हे आणण्याआधी विचारायचं. प्रश्न तेच ते येतायत म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

हडपसरहून: वॉल्वच्या जुन्या स्प्रिंगा आणल्यात, उंची नवीन स्प्रिंगएवढीच भरते. बसवू का?

नुसत्या उंचीवर नको, स्प्रिंग टेस्टरवर दाबून तिचा जोर मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा.

वारजे: हेड पालथं ठेवून चेंबरमध्ये पेट्रोल ओतलं, थोड्या वेळात पोर्टमध्ये (वॉल्वमागच्या वाटेत) ओल आली. वॉल्व गेले का?

सीट, म्हणजे वॉल्व जिथे टेकतो ती कड, धरत नाहीये एवढंच कळलं. वॉल्व गेला की सीट की गाईड (ज्या नळीत वॉल्वची दांडी सरकते ती), ते उघडून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि पेट्रोल कशाला, डिझेल ओता, प्लग घट्ट लावून.

धायरी: सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर, नंतर धूर बंद. एक मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, दुसरा म्हणतो नुसते वॉल्वचे सील बदला.

रात्रभर ऑइल वॉल्वच्या दांडीवरून खाली उतरतं आणि सकाळी जळतं, म्हणजे संशय आधी सील आणि गाईडवर, पण कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलेंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) केल्याशिवाय रिंगांचं नावही घेऊ नका आणि त्या सोडूनही देऊ नका. नुसते सील बदलून बऱ्याच जणांची फसगत होते, कारण गाईड सैल असेल तर दांडी हलत राहते आणि नवीन सीलही लवकर जातं. दांडी मायक्रोमीटरने वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजायची. इनटेकला गाईडमधली फट साधारण २० ते ५० मायक्रॉन, एक्झॉस्टला थोडी जास्त, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. गाईड बदललं तर सीट परत कट करावीच लागते, सीटचा सेंटर गाईडवरूनच धरतात ना. पेस्ट लावून घासलं की झालं म्हणणाऱ्याकडे हेड देऊ नका. हे काम पुढच्या सर्व्हिसवर ढकलू नका, ऑइल जळत राहतं आणि लेव्हल उतरलेली कळत नाही.

निगडी: चालत्या गाडीत टायमिंग बेल्ट तुटला, वॉल्व वाकले. लेथवाला म्हणतो प्रेसवर सरळ करून, ग्राइंड करून देतो, नव्यासारखे होतील. नवीन सेट महाग पडतोय.

नका करू. मनापासून सांगतो, नका करू. गाडी ४००० आरपीएमला पळते तेव्हा कॅम (वॉल्व उघडणारा फिरता दांडा) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे एकेक वॉल्व मिनिटाला २००० वेळा उघडतो आणि सीटवर आपटतो, त्यात एक्झॉस्ट वॉल्वचं डोकं ७०० अंशांच्या आसपास तापलेलं. पिस्टनने एकदा वाकवलेला वॉल्व प्रेसवर दिसायला सरळ होतो, डायल गेजलाही कधीकधी बरा दिसतो, पण मानेजवळ, जिथे दांडी डोक्याला मिळते, तिथे बारीक तडा सुरू झालेला असू शकतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. चुंबकाच्या तपासणीतही बऱ्याच एक्झॉस्ट वॉल्वचा तडा सापडत नाही कारण डोक्याचं स्टील चुंबकाला धरतच नाही, लाल डाय टाकून बघावं लागतं, आणि डायला काही दिसलं नाही म्हणजे वॉल्व थकलेला नाही असंही नाही. माझ्याकडे असं एक हेड आलं होतं, वॉल्व दुसरीकडून सरळ करून आणलेले. एकाचं डोकं तुटून सिलेंडरमध्ये पडलं, पिस्टन फुटला, चेंबरला खड्डे, बोर ओरबाडला. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला, आणि ते कुटुंब घाटात अडकलं होतं ते वेगळंच.

याच्याच जोडीला दुसरा प्रकार, जुने वॉल्व ब्लास्टिंग करून, टोक ग्राइंड करून, चकचकीत पिशवीत नवे म्हणून विकतात. ओळखायचं तर दांडीच्या टोकाजवळ लॉक अडकतं त्या खाचेच्या कडा झिजल्यात का बघा, दांडीवर घासल्याचा पट्टा आहे का, आणि डोक्याची कड पातळ झालीय का. कड एक मिलीमीटरच्या खाली आली की माझ्या मते एक्झॉस्ट वॉल्व परत वापरूच नये, पातळ कड जळते. तुमच्या केसमध्ये गाईड आणि पिस्टनही तपासून घ्या, कारण वॉल्व वाकला म्हणजे धक्का दोघांनाही बसलाय. हेड एखाद्या चांगल्या मशीन शॉपला स्वतः घेऊन जा, भोसरी-चिंचवडला पुष्कळ आहेत, आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून मागा.

कात्रज: कॅम नवीन घेतला, रॉकर जुनेच चालतील ना?

रॉकर म्हणजे कॅमचा दाब वॉल्वपर्यंत पोचवणारा तुकडा, त्याचा कॅमवर घासणारा पॅड झिजलेला असेल तर नवीन कॅम खाऊन टाकेल. ग्राइंड करूनही घेऊ नका, वरचा कडक थर निघून जातो. कॅम आणि रॉकर दोन्ही जुनेच ठेवणार असाल तर काढतानाच खुणा करा, ज्याचा रॉकर त्याच लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) परत.

पिंपरी: जुन्या वॉल्वची दांडी कापून पंच बनवला तर?

काही गाड्यांमध्ये एक्झॉस्ट वॉल्वची दांडी पोकळ असते आणि आत सोडियम असतं, पाणी किंवा कूलंट लागलं की पेट घेतं. कापू नका, ग्राइंडरवर धरू नका. कोणत्या इंजिनाचे वॉल्व आहेत ते आधी डीलरकडे विचारून घ्या.