छोटं कॅबिनेट, मोठा कूलर आणि दहा मिलिमीटर

प्रश्न: नमस्कार दादा, मी नागपूरला असतो, व्हिडिओ एडिटिंगचं काम घरूनच करतो. टेबल लहान आहे म्हणून यावेळी कूलर मास्टरचं एनआर२००पी कॅबिनेट घेतलं, मिनी आयटीएक्स म्हणजे छोटा मदरबोर्ड आणि रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर. मोठ्या भावाने त्याच्या जुन्या पीसीतला नॉक्चुआ एनएच-डी१५ हा प्रोसेसरचा कूलर दिलाय, सगळे म्हणतात एअर कूलरमध्ये याच्यासारखा नाही, पण बाजूचं पॅनल काही केल्या लागत नाहीये. एक फॅन काढला तर बसेल का? नाहीतर पॅनल उघडंच ठेवू, की कापून घेऊ? मे महिन्यात इथे काय हाल असतात ते तुम्हाला माहितीच आहे.

उत्तर: फॅन काढून उपयोग नाही, हे आधी सांगून टाकतो म्हणजे तुमचा एक रविवार वाचेल. डी१५ ची उंची फॅनसकट १६५ मिमी आहे, आणि दोन्ही फॅन काढून नुसते टॉवर, म्हणजे पत्र्यांचे उभे ठोकळे, ठेवले तरी १६० मिमी. एनआर२०० मध्ये जागा १५५ ची. शिवाय हा कूलर १५० मिमी रुंद आहे आणि तुमचा अख्खा बोर्डच १७० बाय १७० चा, सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) आणि ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट एकमेकांना खेटून, त्यामुळे पॅनल लागलं असतं तरी पत्रे कार्डाच्या पाठीला टेकायची भीती होतीच. याच अडचणीसाठी कंपनीने एका बाजूला सरकवलेला डी१५एस काढला, पण तोही १६० चा, म्हणजे तुमच्यासाठी तोही बाद.

पॅनल कापू नका. पत्र्याचा एवढासा कीस बोर्डावर पडला तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. उघडं ठेवलं तर तापमानाने लगेच काही बिघडणार नाही, पण धूळ थेट आत, आणि खोलीत डेझर्ट कूलर लावत असाल तर त्याचा दमट झोत सरळ बोर्डावर. पॅनल लावलं तरी तो झोत पीसीच्या दिशेने ठेवू नका, प्लीज.

आता उपाय. थर्मलराईटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बरोबर १५५ मिमीचा आहे, दोन टॉवर दोन फॅन, आणि एनआर२०० मध्ये लोक हाच सर्रास बसवतात. जरा मोकळीक हवी असेल तर त्याचाच १३५ मिमीचा मिनी आहे. नॉक्चुआच पाहिजे म्हणून घाईत यू१२एस मागवाल तर तो १५८ चा आहे, तीन मिलिमीटरने पुन्हा तीच रडकथा, म्हणून नाव बघून घेऊ नका, उंचीचा आकडा बघा. स्वतः मोजायचं असेल तर सीपीयूच्या झाकणापासून पॅनलच्या आतल्या अंगापर्यंत मोजा, बोर्डापासून नाही. आणि रॅमसुद्धा बुटकी घ्या, कारण पुढचा फॅन रॅमवर येतो, रॅम उंच असली की तो वर सरकवावा लागतो आणि मग १५५ चा कूलर १५५ चा राहत नाही.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. तुमचा ७७००एक्स पूर्ण लोडवर १४२ वॅटपर्यंत खातो. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘६५ वॅट’ नावाचा इको मोड लावला की तीच मर्यादा प्रत्यक्षात ८८ वॅटवर येते. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, एडिटिंग करताना फरक जाणवणार नाही, आणि जी उष्णता तयारच झाली नाही ती बाहेर काढायला राक्षसी कूलर लागत नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये मी तरी कूलर बदलायच्या आधी हेच करतो. दुसरं म्हणजे कुठलाच एअर कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. रिव्ह्यूत दिसणारे आकडे बहुतेक वेळा वीस-पंचवीस डिग्रीच्या खोलीतले असतात, तुमची खोली मे मध्ये पस्तीसला गेली की तेवढी वाढ चिपवर धरूनच चाला. ९५ डिग्री दिसलं म्हणून घाबरू नका, या मालिकेची मर्यादाच ती आहे, तिथे पोचल्यावर चिप आपोआप वेग कमी करते.

बसवताना रॅम, एसएसडी आणि कूलर बोर्ड बाहेर असतानाच लावा. कूलरच्या खालची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. पीअरलेसचा मधला फॅन काढल्याशिवाय स्क्रूपर्यंत पोचता येत नाही, दोन्ही स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळा. सीपीयूची पॉवर केबल मात्र बोर्ड आत बसवताना लगेच जोडून टाका, नंतर त्या कोपऱ्यात बोट जात नाही हो. या कॅबिनेटची पुढची बाजू बंद आहे, हवा खालून आणि बाजूने येते, म्हणून काचेचं पॅनल बाजूला ठेवा, जाळीचं लावा, आणि वरचे फॅन हवा बाहेर फेकणारे ठेवा.

डी१५ भावाला परत द्या किंवा जपून ठेवा, उद्या मोठं कॅबिनेट घेतलंत तर तो आहेच.

प्रश्न: माझ्याकडे फ्रॅक्टलचं टेरा कॅबिनेट आहे, त्यात ७७ मिमीपर्यंत कूलर बसतो असं लिहिलंय, मग नॉक्चुआचा ७० मिमीचा एनएच-एल१२एस घेऊ का? (मडगाव)

उत्तर: आधी तुमचं ग्राफिक्स कार्ड किती जाड आहे ते बघा. टेरामधला मधला कणा, म्हणजे कार्ड आणि बोर्डाच्या मधली भिंत, सरकतो, कार्डाला जास्त जागा दिली की कूलरची कमी होते. ७७ मिळतात ते कार्ड पातळ असेल तरच, जाड कार्ड लावलं की पन्नासच्याही खाली येतं. तसं असेल तर थर्मलराईटचा ४७ मिमीचा एएक्सपी९०-एक्स४७ किंवा नॉक्चुआचा ३७ मिमीचा एल९ बघावा लागेल, आणि सोबत ६५ वॅटचा प्रोसेसर. कार्ड अजून घेतलं नसेल तर पातळ दोन स्लॉटचंच घ्या, मग एल१२एस खुशाल मागवा.