उकरून पाहिलं, बुरशी काही दिसली नाही

(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमची मोसंबीची दोनशे झाडं आहेत, आठ वर्षांची. मागच्या जूनमध्ये दुकानदाराच्या सांगण्यावरून मायकोरायझाची (मुळांत राहणाऱ्या बुरशीची) पावडर आळ्यात टाकली. दिवाळीनंतर खोडाजवळ हातभर उकरून पाहिलं, तर बुरशीचा एक पांढरा धागाही नाही. फसवणूक झाली का? वडील म्हणतात, बुरशी म्हणजे रोग. पैसे देऊन कुणी रोग आणतं का?
— एक वाचक, घनसावंगी (जि. जालना)

उत्तर : वडिलांना आधी नमस्कार सांगा. ज्यानं उभी तूर मर लागून वाळताना पाहिली, त्यानं बुरशीच्या नावानं कपाळाला आठ्या घालाव्यात यात नवल नाही. मरीची बुरशी मुळात शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते. ही बुरशी मात्र मुळाच्या सालीपर्यंतच जाते आणि तिथं बटईनं राहते. झाडानं पानात केलेल्या अन्नातला ४ ते २० टक्के वाटा साखर आणि चरबीच्या रूपात घेते, आणि बदल्यात स्फुरद, जस्त आणून देते.

वाटा जास्त वाटला तरी सौदा खोटा नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद असतो, पण चुन्याला घट्ट धरून. मूळ आपल्या अंगालगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा ओरपतं आणि उपाशी बसतं, कारण स्फुरद नत्रासारखा पाण्याबरोबर वाहत येत नाही. बुरशीचे धागे त्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटर जातात. मोसंबीच्या मुळावर लव फार कमी, म्हणून तिची भिस्त या धाग्यांवर जास्त.

आता तुमचं उकरणं. एक तर जागा चुकली. खोडाजवळ जाड मुळं असतात. बुरशी राहते बारीक तंतुमुळांत, आणि ती सापडतात झाडाच्या सावलीच्या कडेला, वरच्या वीतभर मातीत. दुसरं, हे धागे माणसाच्या केसाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतके बारीक. नुसत्या डोळ्यांना पांढरी जाळी दिसली असती, तर ती बहुधा शेणखत नाहीतर पाला कुजवणारी दुसरीच कुणीतरी असती.

बघायचीच असेल तर सूक्ष्मदर्शक असलेली शाळा गाठा. मी एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पोरं सगळ्यात गप्प बसायची ती याच प्रात्यक्षिकाला. मोसंबीचं मूळ चिवट असतं, म्हणून आधी ज्वारीची किंवा कांद्याची चार मुळं घ्या. धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फिक्की पडेपर्यंत गरम करा (हे गुरुजींच्या हातानंच, डोळ्यांत उडालं तर अनर्थ). पुन्हा धुवा. मग व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळा. महागड्या रंगाऐवजी शाई वापरण्याची ही युक्ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. काचपट्टीवर ठेवलं की मुळाच्या पेशी विटांसारख्या दिसतात, त्यांच्यामधून धागे धावतात, कुठं अंड्याच्या आकाराच्या पिशव्या, आणि एखाद्या पेशीत अख्खं झुडूप उभं. देवघेव त्या झुडपात होते. ते काही दिवसच टिकतं, मग विरतं आणि दुसरीकडे नवं फुटतं.

फसवणुकीचं म्हणाल, तर पुडा पाहिल्याशिवाय मी कुणावर आळ घेणार नाही. पण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. त्यामुळे ती कुंडीतल्या मका-ज्वारीच्या मुळांवर, नाहीतर प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर वाढवावी लागते. पुड्यात येतात ते तिचे बीजाणू आणि मुळांचे तुकडे, आणि ते तंतुमुळाला भिडले तरच कामाचे. वर भुरभुरलेली पावडर उन्हात वाया जाते. पत्र्याच्या दुकानात मे महिना काढलेला पुडा मी तरी घेत नाही.

आणि खरं सांगू का, आठ वर्षांच्या झाडाला ती बहुतेक आधीच लागलेली असते. पावडरीची किंमत रोपवाटिकेत कळते. अमेरिकेत मोसंबीवर्गातल्या रोपांसाठी माती धुरी देऊन निर्जंतुक करत, रोग मरावा म्हणून. रोपं मात्र खुजी राहायची. ही बुरशीही धुरीत मेल्यामुळे तसं होतं, हे १९७२ साली दाखवलं गेलं. तेव्हा पुढच्या वेळी कलमं आणताना रोपवाटिकेत विचारा.

तुम्ही पावडरीबरोबर अजून काय दिलंत, ते मात्र लिहिलं नाही. डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, ओतला असेल तर झाडच बुरशीला दार बंद करतं. घरात धान्य असल्यावर बटईदार कोण ठेवतं? आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली असेल, तर बोलायलाच नको. मी स्वतः एका वर्षी सकाळी पावडर दिली आणि संध्याकाळी गडी तेच औषध आळ्यात ओतून मोकळा झाला. औषधाची बादली मीच भरून ठेवली होती, त्यामुळे कुणाला बोलायची सोय राहिली नाही.

प्रश्न : रब्बीत पत्ताकोबी केली. ती निघाल्यावर खोल नांगरट करून रान तापू दिलं. जुलैत चाऱ्याची मका पेरली, तर पहिला महिनाभर पानं जांभळी नि वाढ खुंटलेली. शेजारच्या ज्वारीवरच्या रानातली मका मात्र हिरवीगार. खत दोन्हीकडे सारखंच.
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : ताई, पहिल्यांदा पाणी साचलं होतं का ते आठवा, चिबड रानातही मका जांभळी पडते. तसं नसेल तर माझा संशय कोबीवर. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे सगळं घराणं या बुरशीला थाराच देत नाही. पालक, चाकवत, बीटही तसेच. म्हणजे तुमच्या रानातली बुरशी रब्बीभर उपाशी, उन्हाळाभर उपाशी, वर नांगरानं तिचं जाळं तोडलेलं. मग मक्याला स्फुरद कोण आणून देणार? ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच भेगाळणारी काळी माती आहे. तिथं ओल साठवायला रान दीर्घकाळ पडीक ठेवत आणि पुढचं पीक स्फुरद-जस्ताला मुकून खुजं राही. रिकाम्या रानात बुरशी घटते म्हणून तसं होतं, हे १९८७ साली तिथल्या अभ्यासातून पुढे आलं.

कोबीनंतर पाणी असेल तर ताग किंवा मूग टाका, मुळं जिवंत राहतील. नांगर एखाद्या वर्षी राहू द्या. अशा रानात पेरताना थोडा स्फुरद द्यायला माझी हरकत नाही, पण फेकून नको, बियाण्याच्या शेजारून द्या.

प्रश्न : झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, असं मुलानं मोबाइलवर पाहिलं. खरं का?
— एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

उत्तर : बोलणं हा शब्द सोडून द्या. १९९७ साली कॅनडात सुझान सिमर्ड आणि सहकाऱ्यांनी बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवघेव होते, हे खुणेचा कार्बन वापरून दाखवलं. पण ती किती बुरशीतून आणि किती मातीतून, यावर वाद आहे. २०२३ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी सगळे पुरावे तपासून म्हटलं की जंगलातल्या पुराव्यापेक्षा दावे फार पुढे गेलेत. त्यांतली एक १९९७ च्या त्याच शोधनिबंधाची सहलेखिका. शिवाय त्या झाडांची बुरशी वेगळी, मुळावर बाहेरून वेष्टण घालणारी, जमिनीवर छत्र्या काढणारी. आपल्या कडुलिंबाची, आंब्याची बुरशी मुळाच्या आत राहते आणि छत्री कधीच काढत नाही. पावसाळ्यात शाळेच्या अंगणात कडुलिंबाखाली कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या, तर त्या कुजक्या पाल्यावर पोसलेल्या असतात, एवढं मुलाला दाखवा.